खातं बायकोच्या नावावर

आमच्या सेक्शनमधल्या सगळ्या पुरुषांच्या बायका शेअरबाजारात आहेत, आणि त्यातल्या निम्म्या बायकांना ते ठाऊकच नाही. हसू नका. सरकारी नोकरानं सट्टा करायचा नाही, असा नियम आहे. शेअर घेऊन गप ठेवून द्या, कुणी काही म्हणत नाही. पण आज घेतले, उद्या विकले, परवा पुन्हा घेतले, असं वरचेवर केलं की तो सट्टा धरला जातो. मग काय करायचं? खातं बायकोच्या नावावर. पैसा बायकोचा, मर्जी बायकोची, व्यवहार बायकोचा, आणि ॲप मात्र नवऱ्याच्या फोनवर. कँटीनमध्ये कुणी "आज मिसेज ने अच्छा कमाया" म्हणालं की समजायचं, साहेबांचा दिवस बरा गेलाय.

मीही तेच केलं. दिल्लीत येऊन केस पांढरे झाले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्येच आमची मुलगी लहानाची मोठी झाली. इथल्या मराठी मंडळात माझी ओळख एकच: हिशोबातला माणूस. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाला इन्कमटॅक्सची नोटीस आली, की फोन मला. मला ते आवडायचं. का नाही आवडणार? दिसायला मी बेताचा, गाणं येत नाही, भाषण येत नाही, नाटकात कधी भालदाराचंसुद्धा काम मिळालं नाही. एवढा एक मान होता. आता सगळे शेअरबाजाराचं बोलायला लागले होते. तेव्हा आपणही तो शिकावा आणि त्यातही चार लोकांनी आपल्यालाच विचारावं, एवढाच माझा हेतू. पैसे मिळाले तर मिळाले, मान हातचा जायला नको होता.

बायकोकडे तिच्या आईनं दिलेले थोडे पैसे मुदतठेवीत पडून होते. मी म्हटलं, "ते बाजारात लावू. तू फक्त चेहरा दाखव आणि सही कर." तिनं कणकेचे हात धुतले आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसली. ॲप म्हणतं, मान डावीकडे करा, उजवीकडे करा, डोळे मिटा, उघडा. पंख्याच्या वाऱ्यानं केस तोंडावर येत होते म्हणून पुन्हा करा. ती हसायला लागली. म्हणाली, "अहो, दाखवायच्या कार्यक्रमात पण एवढं बघितलं नव्हतं मला." मी म्हटलं, गप बस, फोटो हलेल.

मग माझं शिक्षण सुरू झालं. मेट्रोत कानाला इअरफोन लावून मी व्हिडिओ बघायचो. त्यातले गुरुजी सगळे एकाच जातकुळीचे: दाढी कोरलेली, मागे लाल-हिरवा आलेख, आणि बोलणं भांडल्यासारखं. "दोस्तों, ये गलती मत करना!" ती गलती मी त्याच दिवशी करून मोकळा व्हायचो. कँडल म्हणजे काय, आधार कुठे, अडथळा कुठे, सगळं मला तोंडपाठ झालं. आलेखावर इतक्या रेघा ओढायचो की खालचा भाव दिसेनासा व्हायचा.

घोटाळा एकच झाला. खातं तिच्या नावावर, म्हणजे फोन नंबरही तिचाच. घेतलेले शेअर विकायचे म्हटलं की कोड यायचा तिच्या फोनवर. सकाळी आमचं ऑफिस भरतं आणि जरा वेळात बाजार उघडतो. मी फाइल उघडी ठेवायची, कॉरिडॉरमध्ये यायचं आणि हळूच फोन लावायचा.

"कोड आला का? सांग."

"थांबा, कुकर बंद करते."

"अगं भाव पडतोय!"

"कशाचा?"

"सांग ना यार कोड!"

ती सांगायची. पण फुकट नाही. संध्याकाळी चहाबरोबर विचारायची, सकाळी काय विकलंत, का विकलंत, घेतलं होतं तेव्हा का घेतलं होतं. मी म्हणायचो, "वर जात होतं म्हणून घेतलं." त्यावर ती म्हणाली, "टोमॅटो वर जातात तेव्हा तुम्ही पावशेरच आणता, आणि हे मात्र पोतंभर घेता होय?" मला राग आला. पण उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला शिकवायला बसलो. ज्याला उत्तर येत नाही तो शिकवायला बसतो, हे मी ऑफिसात आयुष्यभर बघितलेलं आहे.

खरं सांगतो, ते दोनतीन महिने फार मजेत गेले. आम्ही दोघं टेबलाशी एका फोनवर डोकी लावून बसायचो. मी सांगायचो, ती "अच्छा, अच्छा" करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाजी आणि मुलीची फी सोडून आम्हाला बोलायला काही विषय असेल असं वाटलं नव्हतं. तिला समजत असेल नसेल, ऐकते तरी आहे, अशा थाटात मी होतो. कानामागून येते आहे हे मला कळलंच नाही. तिखट झाली तेव्हा कळलं.

झालं असं की तिनं ॲप स्वतःच्या फोनवरही घेतलं आणि दुपारी मी ऑफिसात असताना ती एकटीच शिकायला लागली. गुरुजींचे व्हिडिओ तिला सहन होत नव्हते. ("हा माणूस ओरडतो का हो एवढा?") ती कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायची. कर्ज किती, नफा कुठून आला, मालकानं स्वतःचे शेअर कुठे गहाण ठेवलेत का. सुरुवातीला पैसे लावायचीच नाही, नुसती बघायची. मी टोमणे मारायचो, "काय, मुहूर्त बघताय का?" मग एक दिवस तिनं पहिला शेअर घेतला आणि घेतानाच मला सांगितलं, "इतका खाली आला की मी विकणार."

मी म्हटलं, "घेताना अपशकुन कशाला?"

आला खाली. तिनं विकला. तोट्यात! मी हळहळलो, अगं थांबायचं ना, परत येईल. ती म्हणाली, "ठरलं होतं ना." आणि उठून पोळ्या लाटायला गेली.

तिथंच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. तिच्या फायद्यानं मी जळलो असं लोकांना वाटेल. फायदा तेव्हा कुठला झाला होता? तिनं तोटा घेतला आणि तिचा चेहरा हलला नाही, त्यानं मी जळलो. माझ्याकडे असे शेअर होते जे निम्म्यावर आले तरी मी धरून बसलो होतो, कारण विकले म्हणजे चुकलो असं होणार. परत येईल, परत येईल, करत मी रात्रंदिवस त्यांच्या नावानं जपमाळ ओढत होतो. आणि ही बाई हात झटकून उठते, आणि पोळ्याही रोजच्यासारख्या मऊ होतात!

पुढे तिला फायदा व्हायला लागला. मोठा नाही, पण महिन्यामागून महिना. माझे शेअर होते त्याच खात्यात, पण कुठले तिचे आणि कुठले माझे हे सांगायची गरज उरली नव्हती. लाल दिसतील ते माझे. आमची मुलगी गुरुग्रामला नोकरी करते. पूर्वी ती पगाराची स्लिप समजून घ्यायला मला फोन करायची. आता फोन मी उचलला की म्हणायची, "बाबा, आईला द्या ना यार, स्टॉप लॉसचं विचारायचंय, किती पडला की विकायचा ते." मी फोन द्यायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. आतून हिचं बोलणं ऐकू यायचं. माझेच शब्द! आधार, अडथळा, जोखीम, सगळे मी शिकवलेले. आणि मुलगी "बिल्कुल, बिल्कुल" करते आहे. मला तर इतक्या वर्षांत एकदाही बिल्कुल म्हणाली नाही पोरगी.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला गेली. दरवर्षी जाते. काला अंबच्या स्मारकाशी धुक्यात उभं राहायचं, पडलेल्यांना मुजरा करायचा, मग तिळगूळ वाटायचे आणि उन्हं आली की डबे उघडायचे. मी दरवर्षी परतीच्या वाटेवर बसमध्ये पुढच्या सीटवर बसतो आणि लोक मला त्यांची पेन्शनची दुखणी सांगतात. यंदा पुढच्या सीटवर हिला बसवलं. "वहिनी, या ना, या ना." मी गजकचं, म्हणजे इथल्या तिळाच्या चिक्कीचं, खोकं मांडीवर घेऊन मागं बसलो. पुढे बायकाच काय, अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झालेले गृहस्थसुद्धा दांडीला धरून उभे होते, हिचं ऐकायला. सोनिपतपर्यंत एकानं मला काही विचारलं नाही. शेवटी एकाला माझी दया आली असावी. मागं वळून म्हणाला, "साहेब, वहिनींना तुम्हीच शिकवलं असणार."

मी तोंड उघडणार, इतक्यात हीच म्हणाली, "हो, सुरुवात त्यांनीच करून दिली. त्यांच्यामुळेच."

किती चांगलं बोलली, नाही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं म्हटलं असतं की नाही, मी स्वतःच शिकले, तर निदान भांडता आलं असतं. हे असं दानधर्म केल्यासारखं श्रेय दिलेलं कुठे ठेवायचं? लोक पानिपतला सदाशिवरावांचं दुःख करायला येतात, मी माझं करून आलो.

आणि बस दिल्लीत शिरता शिरता मंडळाचे चिटणीस माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या-डबे नकोत, सगळ्यांच्या घरी ढीग झालाय. यंदा वाण म्हणून वहिनींचं व्याख्यान ठेवू, नवशिक्यांसाठी शेअरबाजार. पुरुषांनाही बोलावू. येत्या रविवारी.

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही प्रोजेक्टर बघाल ना?"

प्रोजेक्टर! त्या मंडळात गेली कितीतरी वर्षं मी फुकटात लोकांचे टॅक्सचे रिटर्न भरतोय, आणि मी प्रोजेक्टर बघायचा. घरी आल्यावर हिला म्हटलं, "भाषण जमेल का तुला? लोक आडवेतिडवे प्रश्न विचारतात." ती म्हणाली, "नाही आलं तर नाही येत म्हणून सांगेन." हे असलं उत्तर असतं तिचं. भांडायला काठसुद्धा सापडत नाही.

तेव्हा मी ठरवलं की रविवारच्या आत काहीतरी मोठं करून दाखवायचं. असं, की रविवारी कुणीतरी म्हणावं, अहो, साहेबांनी त्या दिवशी एका दुपारात कमावलं, त्यांनाच उभं करा.

खात्यात ऑप्शनची सोय मी सुरुवातीलाच चालू करून ठेवली होती. ऑप्शन म्हणजे सरळ पैज. इंडेक्स, म्हणजे बाजाराचा निर्देशांक, अमुक वेळेच्या आत अमुक ठिकाणी पोचेल अशी पैज लावायची. पोचला तर पैशाचे कितीतरी पट, नाहीतर हातात धुपाटणं. हिनं स्पष्ट सांगितलं होतं की याला आपण हात लावायचा नाही. मंगळवार होता, त्या आठवड्याच्या पैजांचा शेवटचा दिवस. ऑप्शन घ्यायला-विकायला कोड लागत नाही, पिन मला पाठ होता, कारण पिन मीच ठरवलेला. सेक्शनमध्ये साहेब मीटिंगला गेले होते. मी फाइलींच्या आडोशाला फोन धरला आणि तिच्या खात्यात पडलेले पैसे लावून टाकले. सगळे नाही. पण पुष्कळ. तिनं महिन्यामागून महिना जमवलेले.

पहिल्या अर्ध्या तासात वर गेलं. काय सांगू तुम्हाला! छाती अशी फुगली. मनातल्या मनात मी मंडळाच्या हॉलमध्ये उभासुद्धा राहिलो, हातात माइक, आणि ही पहिल्या रांगेत बसून ऐकते आहे. तेवढ्यात विकलं असतं तरी चाललं असतं. पण एवढ्याशावर कोण विकतं? जेवणाच्या सुट्टीत खाली आलं. म्हटलं परत येईल. दोन वाजता निम्म्यावर. म्हटलं परत येईल. इंडेक्स बिचारा होता तिथंच होता, पण तास सरत होते आणि पैज वितळत होती. तीननंतर उरलं होतं ते विकूनही काही हाती लागणार नव्हतं. तरी मी त्या फोनकडे बघत बसलो, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसा. साडेतीनला शून्य.

मेट्रोनं येताना मी कारणं जुळवत होतो. परदेशी गुंतवणूकदारांनी विकलं म्हणावं. अमेरिकेतली काही बातमी म्हणावी. तिला यातलं काय कळणार, असं म्हणायची सवय जिभेला होती, पण आता तिला सगळंच कळत होतं, ही तर अडचण होती.

घरी आलो तर ती टेबलाशी बसली होती. चहा तयार होता. मी सुरू केलं, "आज मार्केटमध्ये काय झालं, माहितीये..."

"माहितीये. माझ्या फोनवर सगळं दिसत होतं."

मी सटपटलो. ॲप तिच्याही फोनवर आहे, मी घेतलेलं तिला त्याच क्षणी कळतं, हे मी, हिशोबातला माणूस, साफ विसरलो होतो. आणि माणूस सटपटला की काय करतो? मी आवाज चढवला. "मग विकून का नाही टाकलंस? दिसत होतं ना तुला? निम्म्यावर होतं तेव्हा विकायचंस! खातं तुझं आहे!"

"आज खातं माझं झालं होय," ती म्हणाली.

मी बूट काढायला वाकलो. ती म्हणाली, "मी विकणार होते. दोनदा बोट नेलं. मग म्हटलं, तुम्ही फोन कराल. अडलं की करताच ना, कोड सांग म्हणून. म्हटलं, आज विचारतील की काय करू. साडेतीनपर्यंत फोन हातात घेऊन बसले."

तिचे जमवलेले पैसे बुडत होते आणि ती माझ्या फोनची वाट बघत होती. मला लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटायच्या आधी मला पुन्हा तोच जाळ लागला, की आताही हीच मोठी, आताही हीच शहाणी. मी म्हटलं, "जळतो मी तुझ्यावर! ऐकायचं होतं ना? सगळे तुला विचारतात, मुलगी तुला विचारते, मी तुला शिकवलं आणि मी प्रोजेक्टर बघायचा. जळतो. झालं समाधान?"

मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. चहा निवू नये म्हणून तिनं कपावर बशी ठेवली. मग म्हणाली, "ते मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला ती खूण लगेच ओळखू येते. मी किती वर्षं जळलेय तुमच्यावर."

"माझ्यावर? माझ्यात काय आहे जळण्यासारखं?"

"एकदा थंडीत तुमचा चष्मा घरी राहिला होता. मुलगी बालवाडीत होती. तिला शेजारी ठेवलं आणि बसनं तुमच्या ऑफिसला आले चष्मा द्यायला. तुम्ही समोरच्या लॉनवर उन्हात बसला होतात, सगळ्यांबरोबर. शेंगांची टरफलं पडली होती, पत्ते चालले होते. तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि सगळे हसत होते. तुम्ही पण इतके हसत होतात! घरी कधी तसं हसताना मी तुम्हाला बघितलं नव्हतं. मी सांगलीची बँकेतली नोकरी सोडून तुमच्या मागं इथं आले होते. माझ्या पण कॅश काउंटरमागं चौघी मैत्रिणी होत्या, आम्ही पण अशाच हसायचो. मी फाटकाशीच उभी राहिले आणि इतकी जळले, इतकी जळले, की तुम्हाला हाक पण मारता येईना."

मला आठवलं, तो चष्मा त्या दिवशी गार्डनं आणून दिला होता. कुणी आणला, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? चष्मा गार्डकडे दिला आणि घरी येऊन तुमचा दुसऱ्या दिवशीचा शर्ट इस्त्री केला. आणि मग रोजच करत आले." तिनं माझ्यापुढं चहा सरकवला. "जळा हो तुम्ही. जळण्यानं काही होत नाही. पण मी जळले तेव्हा तुमचं काही मोडलं नव्हतं."